कायदा कोणाचा आणि कोणावर?

१९ मार्च १८९१ रोजी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलाने कलकत्त्यात संमतिवयाचे विधेयक मंजूर केले. त्यानंतर चार आठवडेही उलटले नव्हते तोच, १४ एप्रिलला, महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी चौदावे अपत्य जन्माला आले. त्या विधेयकाविरुद्ध महाराष्ट्रात सर्वांत जोरकसपणे लढलेले संपादक बाळ गंगाधर टिळक मूळचे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे. महूत जन्मलेल्या बालकाचे, म्हणजे भीमराव आंबेडकरांचे, मूळ गाव आमच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. दोन्ही माणसे आयुष्यभर कायद्याशी झुंजली. एकाने त्याचे चटके आरोपीच्या पिंजऱ्यात सोसले, दुसऱ्याने तो लिहिला.

टिळकांबद्दल लिहिताना आपण त्यांचे दोन खण पाडतो. राजकारणात ते जहाल आणि समाजकारणात जुन्या मताचे, असे शाळेच्या पुस्तकापासून सांगितले जाते. मंडणगडात राहून गेली काही वर्षे त्यांचे खटले, ‘केसरी’तले लेख आणि त्यांवरचे वाद वाचताना मला ही वाटणी अपुरी वाटत आली आहे. त्यांच्या राजकारणात आणि सामाजिक पुराणमतवादात एकच धागा आहे. तो धागा म्हणजे एक प्रश्न : कायदा करणारा कोण? या प्रश्नाने टिळकांना मोठे बळ दिले, आणि त्याच प्रश्नाने त्यांच्या दृष्टीला मर्यादाही घातली. स्वातंत्र्य, कायदा आणि राज्याची सुरक्षा या तिन्हींबद्दलचे त्यांचे विचार त्या एका प्रश्नाच्या उजेडात पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घराचा उंबरठा

संमतिवयाच्या वादाला निमित्त झाले ते फुलमणी दासीच्या मृत्यूचे. १८९० साली कलकत्त्यात जेमतेम अकरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे दगावली. पीनल कोडाप्रमाणे संमतीचे वय दहा होते. मुलगी त्याहून मोठी, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध चालवलेल्या चळवळीला या घटनेने धार आली, आणि हे वय दहावरून बारा करणारे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये कौन्सिलापुढे आले.

टिळक बालविवाहाचे समर्थक होते म्हणून त्यांनी विरोध केला, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. १८९० च्या शरदात त्यांनी सुधारकांपुढे स्वतःच एक यादी ठेवली होती. मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत व मुलाचे वीस वर्षांच्या आत करू नये. चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, केलेच तर विधवेशी करावे. हुंडा घेऊ नये. विधवेचे केशवपन करू नये. दारू पिऊ नये. उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला द्यावा. ज्यांना ही कलमे मान्य असतील त्यांनी सह्या करून ती आधी स्वतःवर लागू करून घ्यावीत, अशी ती सूचना होती. सरकार बारा वर्षे म्हणत असताना टिळक सोळा म्हणत होते. त्यांचा आक्षेप वयाला नव्हता, ते ठरवणाऱ्या हाताला होता.

त्यांचे म्हणणे तीन पायऱ्यांचे होते. परक्या सरकारला आमच्या धर्माचारात हात घालण्याचा अधिकार नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात तसे अभिवचनही आहे. दुसरे, सुधारणा समाजाच्या आतून आणि समजुतीने व्हायला हवी, कारण शिक्षेच्या धाकाने बदललेली रीत टिकत नाही. तिसरे, आज आपण स्वतः होऊन सरकारला घरात बोलावले, तर उद्या त्याला बाहेर काढण्याचे साधन आपल्या हाती राहणार नाही. शास्त्रार्थाच्या पातळीवर रामकृष्णपंत भांडारकर आणि टिळक यांच्यात मोठी चकमक झाली. पण वादाचे खरे मर्म शास्त्रात नव्हते, या तिसऱ्या पायरीत होते.

आगरकर दुसऱ्या बाजूने ‘सुधारक’मधून लिहीत होते. ज्या रूढीने जीव जातो ती मोडायला सरकारचा कायदा उपयोगी पडत असेल, तर तो का घेऊ नये, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. टिळकांकडे त्याचे समाधानकारक उत्तर होते, असे मला वाटत नाही. समाजाच्या आतून सुधारणा होईपर्यंत थांबायचे, तर तोवरची किंमत अकरा वर्षांच्या मुलींनी मोजायची. त्या मुलीला ‘केसरी’ वाचता येत नव्हता, सह्यांच्या कागदावर तिची सही कोणी मागितली नव्हती.

याहून अवघड गोष्ट त्याआधीच्या चार वर्षांत घडली होती. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईने मोठेपणी नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला जाण्याचे नाकारले. दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळताना एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : बायकोला जबरदस्तीने नांदायला लावण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इकडे आला आहे. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. टिळकांची पत्रे या वादात रखमाबाईच्या विरुद्ध बाजूला होती. म्हणजे १८९१ साली ज्या परक्या कायद्याने घराच्या उंबरठ्यावर थांबावे असे ते म्हणत होते, तोच परका कायदा १८८७ साली नवऱ्याच्या बाजूने, तुरुंगाच्या किल्ल्या घेऊन आत आला, तेव्हा त्यांना तो खटकला नाही. १८८८ साली तडजोड झाली. रखमाबाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

आपुलकीचा अभाव

सहा वर्षांत काळाने टिळकांनाच कायद्यापुढे उभे केले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला जवळजवळ वाटेल ते करण्याची मुभा देत होता, आणि सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावाही लावता येत नव्हता. (सव्वाशे वर्षांनी, २०२० च्या साथीत, तोच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला, हे वाचकांना आठवत असेल.) पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घराघरांत शिरू लागले. टिळकांचा प्लेगच्या उपायांना सरसकट विरोध नव्हता. पुष्कळ पुढारी गाव सोडून गेले असता ते पुण्यात राहिले, हिंदू रोग्यांसाठी इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांची तक्रार अंमलबजावणीच्या रीतीवर होती.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातला शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि एक कविता उचलली, आणि २७ जुलैला टिळकांना पकडले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. तो अर्ज चालवणारे वकील होते दिनशा दावर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. १२४ अ या कलमातल्या अप्रीतीचा अर्थ त्यांनी ज्यूरीला समजावला तो असा, की अप्रीती म्हणजे सरकारबद्दल आपुलकी नसणे. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलात त्यांच्या बाजूने पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ उभे राहिले, तरी अपिलाची परवानगी मिळाली नाही.

याच आठवड्यातली दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. टिळकांना पकडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुण्यातले सरदार बळवंतराव आणि तात्यासाहेब नातू यांना सरकारने उचलले. त्यांच्यावर खटला झाला नाही, आरोपही सांगितला गेला नाही. एल्फिन्स्टनच्या काळातले १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन सत्तर वर्षांनी फडताळातून काढले गेले. राज्याच्या सुरक्षिततेसाठी कोणालाही चौकशीशिवाय अटकेत ठेवण्याची सोय त्यात होती. नातूंची मालमत्ता जप्त झाली, आणि १८९९ पर्यंत ते अडकून राहिले. ज्या बाळाजीपंत नातूंनी १८१८ च्या सुमारास इंग्रजांची बाजू घेतली, त्यांच्याच घराण्यातले हे लोक. राज्यनिष्ठेची पिढीजात पुण्याईही अशा कायद्यापुढे उपयोगी पडत नाही.

या दोन अटकांतला फरक मला मोलाचा वाटतो. टिळकांवर अन्याय झाला तो उघड कोर्टात; त्यांना वकील मिळाला, तीन ज्यूरर त्यांच्या बाजूला गेले, निकालावर जगभर टीका झाली आणि मुदतीआधी त्यांची सुटका झाली. नातूंच्या बाबतीत टीका करायला निकालच नव्हता. ‘केसरी’ने नातूंचा प्रश्न धरून ठेवला. कायदा करणारा कोण, या जुन्या प्रश्नाशेजारी आता दुसरा प्रश्न उभा राहत होता : कायदा वापरताना त्याला पुरावा द्यावा लागतो की नाही?

बाँब आणि उपाय

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब फेकला गेला, दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. जूनमध्ये सरकारने एकाच दिवशी स्फोटकांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कायदे केले. टिळकांनी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख लिहिले ते याच वेळी. त्यांतला युक्तिवाद आजही तपासून पाहण्यासारखा आहे. बाँब फेकणे त्यांनी निषिद्धच मानले. पण दडपशाहीने माथेफिरूपणा थांबत नाही, वाढतो. लोकांना राज्यकारभारात हक्क देणे हाच सुरक्षिततेचा खरा बंदोबस्त आहे. आणि छापखान्याचे तोंड बांधल्याने सरकारला वस्तुस्थिती कळण्याची एक वाट बंद होते, असे त्यांचे सांगणे होते. सुरक्षा ही हक्कांतून निपजते, हे एका पुराणमतवादी म्हणवल्या गेलेल्या माणसाचे प्रतिपादन आहे.

खटला जुलैत चालला. न्यायासनावर आता दावर होते. अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी झगडलेल्या या गृहस्थांनी यावेळी त्यांना जामीन नाकारला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, आणि ते भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. त्यातला मोठा भाग भाषांतराविषयी आहे. लेख मराठीत, ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी, आणि निवाडा इंग्रजी तर्जुम्यावर. मराठी वाचकाच्या मनावर त्या शब्दांचा काय परिणाम होतो हे ज्याला मराठी येत नाही त्याने कसे ठरवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि ती त्यांनी ब्रह्मदेशात मंडालेला भोगली. मंडालेचा पदच्युत राजा थिबा त्यावेळी टिळकांच्या जन्मगावी, रत्नागिरीत, नजरकैदेत होता.

१९१६ च्या बेळगाव व अहमदनगरच्या भाषणांत हाच विचार अधिक पक्का झालेला दिसतो. राज्य ही अदृश्य, कायमची वस्तू; तिचा कारभार करणारे नोकरशहा ही दृश्य, बदलता येण्याजोगी वस्तू. दुसरीवर टीका करणे म्हणजे पहिलीचा द्रोह नव्हे, असे त्यांनी मांडले. सरकारने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.

महायुद्धाच्या काळात याच विचाराची दुसरी बाजू त्यांनी मांडली. १९१४ साली सुटून आल्यावर त्यांनी साम्राज्याला मदत करण्याचे जाहीर केले, सैन्यभरतीलाही पाठिंबा दिला. अट एकच : देशाच्या रक्षणाला माणसे हवीत तर त्या माणसांना देशात हक्क द्या. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना थांबवले, आणि ते सभा सोडून निघून गेले. पुढच्याच महिन्यात रौलट कमिटीचा अहवाल आला. त्याची सुरुवात पुण्याच्या गणेशोत्सवापासून आणि शिवजयंतीपासून होते. चौकशीविना अटकेच्या नव्या कायद्याला आधार म्हणून टिळकांचे चरित्रच वापरले गेले.

खोताचे गाव

आता चिखलगाव आणि आंबडव्याकडे वळतो. आमच्या भागात स्वातंत्र्याचा विचार खोती वगळून करता येत नाही. खोत गावचा सारा सरकारात भरण्याची हमी घेई आणि कुळाकडून पिकाचा हिस्सा उचली. अर्धेलीत पीक निम्मे जाई. वर वेठबिगार असे. कुळाच्या दृष्टीने मुंबईचे सरकार लांब होते, खोताचे घर जवळ होते. टिळकांच्या घराण्याकडे चिखलगावच्या खोतीचा वाटा होता, आणि खोतीविषयीच्या सरकारी कायद्यांच्या वादात ‘केसरी’ खोतांच्या हक्कांच्या बाजूने राहिला. परक्या सरकारने वतनात हात घालू नये, हा तोच १८९१ चा युक्तिवाद. फक्त त्या मुलीच्या जागी आता कूळ होते.

मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेचा कडक शब्दांत निषेध केला. वैयक्तिक आचरणात ती पाळणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर मात्र त्यांची सही नाही. दोन वर्षांनी, जानेवारी १९२० मध्ये, आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’त छापली गेली नाही, असे आंबेडकरांनीच नोंदवले आहे. ज्या पत्राच्या संपादकाने छापण्याच्या स्वातंत्र्यासाठी दोनदा तुरुंग भोगला, त्या पत्रातली ही गोष्ट आहे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांना भरपाई द्यावी आणि कुळांना जमिनीचा हक्क द्यावा, अशी त्याची मांडणी होती. तेव्हाच्या काँग्रेस सरकारने ते पुढे नेले नाही. खोती संपवणारा कायदा झाला तो १९४९ साली. आंबेडकरांचा प्रश्न टिळकांच्या प्रश्नाला पूरक होता. कायदा कोणी केला हे विचाराच, पण तो किंवा त्याचा अभाव कोणाच्या अंगावर पडतो, हेही विचारा.

सनद आल्यावर

बंगालच्या फाळणीनंतरच्या वर्षांत टिळकांनी मवाळांच्या ‘सनदशीर’ या शब्दावर नेमके बोट ठेवले होते. सनद असेल तर सनदशीर. इथे सनदच नाही, पीनल कोड तेवढे आहे, आणि ते सरकार वाटेल तेव्हा बदलते. १८९७ च्या खटल्यानंतर लगेच १८९८ साली १२४ अ कलम आणखी रुंद केले गेले, हा त्याचा ढळढळीत दाखला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात आंबेडकरांनी याच विधानाची दुसरी बाजू सांगितली. सनदशीर मार्ग बंद होते तोवर इतर मार्गांना कारण होते. आता सनद आहे, म्हणून ते मार्ग सोडले पाहिजेत. चिखलगावची अट आंबडव्याने पुरी केली, असे म्हणता येईल.

पण सनद लिहितानाच खरी परीक्षा होती. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शींच्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून ‘राजद्रोह’ हा शब्द काढला गेला. त्याआधी एकच वर्ष, १९४७ साली, प्रिव्ही कौन्सिलाने सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात स्ट्रॅचीसाहेबांचा टिळक खटल्यातला अर्थच योग्य ठरवला होता. घटनेतून शब्द गेला. पीनल कोडातले कलम मात्र राहिले.

अटकेचा प्रश्न याहून अवघड ठरला. माणसाचे स्वातंत्र्य ‘कायद्याने ठरवलेल्या पद्धतीनुसार’ हिरावता येईल, एवढेच एका कलमात लिहिले गेले होते. म्हणजे संसद जो कायदा करील तो. १५ सप्टेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी नवे कलम आणले ते ही उणीव काही अंशी भरून काढायला. अटकेचे कारण सांगणे, वकील देणे, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे. प्रतिबंधक स्थानबद्धता त्यांनी काढून टाकली नाही. देशाची तेव्हाची स्थिती पाहता ती लागेल, असे ते म्हणाले. तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत हवे, हे बंधन मात्र घातले. बक्षी टेकचंदांसारख्या सभासदांना ते फार तोकडे वाटले. हेच आजचे बावीसावे कलम. पुढे फेब्रुवारी १९५० मध्ये सरदार पटेलांनी स्थानबद्धतेचे विधेयक आणले, तेव्हा त्यापायी आपल्याला झोप लागली नाही असे त्यांनी सभागृहात सांगितले. तो कायदा एक वर्षापुरता होता. मुदती वाढवत तो १९६९ अखेरपर्यंत चालला. १९७१ साली मिसा आला, आणि आणीबाणीत त्याचा अर्थ सर्वांना कळला.

इथे टिळकांच्या प्रश्नाची मर्यादा स्पष्ट होते. कायदा करणारा कोण, एवढाच निकष धरला, तर १९४७ नंतर आपल्या हाती निकषच उरत नाही. संसद आपली, मंत्री आपले, पोलीस आपले. म्हणजे कायदाही आपला आणि बरोबर. १८२७ च्या रेग्युलेशनमध्ये वाईट काय होते? ते एल्फिन्स्टनने केले हे, की त्यात आरोप सांगावा लागत नव्हता हे? पहिले उत्तर देणाऱ्याला मिसा पचतो. नातूंसाठी लिहिणाऱ्या टिळकांना दुसरे उत्तर ठाऊक होते, असे माझे वाचन सांगते; त्यांनी ते घराच्या आणि गावाच्या उंबरठ्याआत नेले नाही.

१९५६ साली मुंबई हायकोर्टात, ज्या दालनात टिळकांना १९०८ ची शिक्षा झाली तिथे, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते टिळकांच्या उद्गारांचा फलक लागला. शिक्षा देणाऱ्या कोर्टाने आरोपीचे शब्द भिंतीवर कोरले. १२४ अ मात्र त्यानंतरही चालू राहिले. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ आकुंचित केला, मे २०२२ मध्ये त्याखालचे खटले थांबवले, आणि १ जुलै २०२४ पासून पीनल कोडच गेले. नव्या न्याय संहितेत १५२ वे कलम आले. त्यात सरकारबद्दलची अप्रीती नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता आहे.

सुरक्षेच्या नावाने येणारा प्रत्येक कायदा वाचताना चिखलगावचा प्रश्न आणि आंबडव्याचा प्रश्न जोडीने विचारावेत, असे मला वाटते. तो कोणी केला, आणि तो कोणावर पडतो. कोणा एकाच गावचा प्रश्न धरून बसलो, तर तुरुंगात एक तरी माणूस असा राहतो, ज्याला आपण कशासाठी आत आहोत हे कोणी सांगितलेले नसते.